वेब टेक्नॉलॉजी सेमिस्टरभर कसा करायचा? मेसच्या खाड्याचा एकच फॉर्म धरून

थर्ड इयरला कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल नाहीतर बीसीए, बीएस्सी करत असाल तर वेब टेक्नॉलॉजी किंवा इंटरनेट प्रोग्रामिंग नावाचा पेपर वाट्याला येतोच, आणि कॉलेज पुण्यात असो, मुंबईत असो, नाहीतर कोल्हापुरात, सिलॅबसचा कागद हातात आला की पहिल्यांदा पोटात गोळा येतो. कारण एकाच पेपरात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एक्सएमएल, त्यात कुठे सर्व्हलेट-जेएसपी, कुठे पीएचपी, कुठे रिअ‍ॅक्ट आणि नोड. मी बरीच वर्षं हा विषय लॅबमध्ये शिकवतेय आणि दरवर्षी तेच बघते, मुलं युनिट एक पाठ करतात, युनिट तीन येईपर्यंत ते विसरतात, आणि ओरलला एक्स्टर्नलनी "हे बटण दाबल्यावर काय होतं सांग" एवढं साधं विचारलं तरी गप्प होतात.

विषय अवघड नाहीये, पसारा मोठा आहे. म्हणून माझी पद्धत अशी की पहिल्याच आठवड्यात एक छोटा फॉर्म घ्यायचा आणि सेमिस्टर संपेपर्यंत तोच सोडायचा नाही. बटण दाबल्यापासून उत्तर परत स्क्रीनवर येईपर्यंत ती रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरनी सर्व्हरकडे (पानं पुरवणाऱ्या कॉम्प्युटरकडे) केलेली मागणी, कुठून कुठे जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. सिलॅबसमधलं जवळजवळ प्रत्येक युनिट म्हणजे त्याच वाटेवरचा एकेक थांबा आहे, हे एकदा लक्षात आलं की पाठ करायला फार थोडं उरतं.

फॉर्म कुठला घ्यायचा

माझ्याकडे मेसचा खाडा घेतात. होस्टेलला किंवा रूम करून राहणाऱ्यांना सांगायला नको, पण घरून येणाऱ्यांसाठी सांगते, मेसचे महिन्याचे पैसे भरलेले असतात, गावाला जायचं असलं की आधी सांगून खाडा लावायचा म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात. बऱ्याच ठिकाणी हे वहीत लिहितात आणि महिनाअखेरीला "काकू मी सांगितलं होतं" यावरून वाद होतात. तर फॉर्म एवढाच, नाव, कधीपासून, कधीपर्यंत, सकाळचं जेवण, संध्याकाळचं जेवण. आणि दोन नियम धरा, एक म्हणजे आदल्या रात्री ९ च्या आत सांगायचं, दुसरा म्हणजे सलग ३ दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा धरायचा नाही. तुमच्या मेसचे नियम वेगळे असतील, ते घ्या.

लायब्ररी मॅनेजमेंट किंवा शॉपिंग साइट घेऊ नका असं मी मनापासून सांगते. त्यात पानं भरपूर असतात पण नियम तुम्हाला आतून माहीत नसतात, मग सगळा वेळ पानं रंगवण्यात जातो. खाड्याचा नियम चुकला तर कुणाचे पैसे बुडतात हे तुम्हाला कळतं, म्हणून तपासणीही नीट करता.

पहिला आठवडा: काही लिहू नका, आधी बघा

ब्राउझर उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्कचा टॅब काढा आणि कुठलीही साइट लोड करा. एका पानासाठी ढीगभर रिक्वेस्ट गेलेल्या दिसतील, प्रत्येकीसमोर एक आकडा. २०० म्हणजे मिळालं, ३०४ म्हणजे बदललं नाहीये तुझ्याकडची जुनी प्रत वापर, ३०१ आणि ३०२ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे असं काही इथे नाही, ५०० म्हणजे सर्व्हरचाच कोड पडला. ढोबळ नियम एवढा धरा, चारशेवाले आकडे आले तर चूक मागणाऱ्याच्या बाजूची आणि पाचशेवाले आले तर सर्व्हरच्या बाजूची. एका रिक्वेस्टवर क्लिक करून तिचे हेडर, म्हणजे तिच्यासोबत जाणारी-येणारी माहिती, वाचा, मेथड कुठली, पत्ता कुठला, कुकी (सर्व्हरनी ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद) कुठली गेली, उत्तर कुठल्या प्रकारचं आलं. एचटीटीपीचं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांचं, युनिट म्हणून पुस्तकात जे दहा पानं असतं ते इथे जिवंत दिसतं.

दोन मार्कांचे इतिहासाचे प्रश्नही इथेच उरकून घ्या. इंटरनेट आणि वेब एक नाही. इंटरनेट म्हणजे कॉम्प्युटरना जोडणारं जाळं, त्याची मुळं १९६९ च्या अर्पानेट या अमेरिकेतल्या जाळ्यात आहेत आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी-आयपीवर, म्हणजे इंटरनेट आजही ज्या नियमांवर चालतं त्यांच्यावर, आलं. वेब म्हणजे त्या जाळ्यावर चालणारी एक सोय, टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तिचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननी ते तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनी सुरू केलं. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट लिहिली, दहा दिवसांत. जावाशी तिचं नातं फक्त नावापुरतं, हे ओरलला हमखास विचारतात.

एचटीएमएल

आता फॉर्म लिहा. पानाच्या सुरुवातीला कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ आणि भाषा मराठी असं सांगा, पुढे कळेल का. प्रत्येक इनपुटला लेबल लावा. आणि सगळ्यात जास्त मुलं जिथे अडकतात ती गोष्ट, नेम अ‍ॅट्रिब्यूट. आयडी दिलेला असतो, नेम द्यायचा राहतो, आणि मग सर्व्हरवर व्हॅल्यू नल, म्हणजे काहीच नाही अशी, येते म्हणून दोन तास डेटाबेस तपासत बसतात. आयडी हा पानापुरता, लेबल जोडायला, सीएसएसला आणि जावास्क्रिप्टला. सर्व्हरकडे जातं ते नेम. नेटवर्क टॅबमध्ये पेलोड, म्हणजे पाठवलेली माहिती, बघा, नेम नसलेलं खोकं तिथे दिसतच नाही.

तसंच चेकबॉक्सचं. "सकाळचं जेवण" वर टिक नसेल तर ब्राउझर "नाही" असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. म्हणजे सर्व्हरवर तुम्हाला गैरहजेरी तपासायची असते. आणि तारखेचा इनपुट स्क्रीनवर दिवस-महिना-वर्ष असा दिसला तरी पाठवताना नेहमी वर्ष-महिना-दिवस असाच जातो, पेलोडमध्ये डोळ्यांनी बघून घ्या म्हणजे पुढे तारखेची तोडफोड करत बसावं लागणार नाही.

गेट आणि पोस्ट या रिक्वेस्ट पाठवायच्या दोन मेथडचा फरक इथेच करून टाका. गाइडमध्ये लिहिलेलं असतं की पोस्ट सिक्युअर आहे, ते तसं लिहू नका. गेटमध्ये माहिती पत्त्याच्या ओळीत दिसते, म्हणून ती हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते, पोस्टमध्ये ती बॉडीत जाते एवढंच. एचटीटीपीएस, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणं, नसेल तर वाटेत बसलेला माणूस दोन्ही वाचू शकतो. खरा फरक हेतूचा आहे, गेट म्हणजे फक्त विचारणं, कितीही वेळा विचारलं तरी सर्व्हरवर काही बदलायला नको, आणि पोस्ट म्हणजे काहीतरी बदलणं. खाड्यांची यादी बघणं गेट, खाडा लावणं पोस्ट. मी पेपर तपासते तेव्हा हे एक वाक्य दिसलं की पुढचं उत्तर वाचायलाच बरं वाटतं.

सीएसएस

यावर फार दिवस घालवू नका. तीन गोष्टी पक्क्या करा. बॉक्स मॉडेल, म्हणजे आतला मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन, आणि विड्थ दिली की ती मूळ हिशोबात फक्त आतल्या मजकुराची असते, म्हणून खोकं बाहेर पडतं, बॉक्स सायझिंग बॉर्डर-बॉक्स केलं की जागेवर बसतं. दुसरं, दोन नियम भांडले तर कोण जिंकतो, आयडी क्लासवर भारी, क्लास टॅगवर भारी, बरोबरी झाली तर शेवटी लिहिलेला. तिसरं फ्लेक्सबॉक्स. फॉर्म मोबाइलवर उघडून बघा, कारण खाडा कुणी लॅपटॉपवरून लावणार नाही, एसटीत बसल्यावर आठवलं की फोनवरूनच लावणार.

जावास्क्रिप्ट, आणि मराठी नावाचा प्रश्न

इथे जरा थांबा, कारण हे कुठल्याच गाइडमध्ये मिळत नाही आणि आपल्यासाठी हेच महत्त्वाचं आहे. नावाची तपासणी म्हणून जो रेग्युलर एक्सप्रेशन (मजकूर ताडून बघायचा साचा) सगळे नेटवरून उचलतात तो इंग्रजी ए ते झेड एवढीच अक्षरं चालवतो. त्यात "प्राजक्ता" टाका, फॉर्म म्हणतो नाव चुकीचं आहे. आपल्याच माणसाला आपलंच नाव चुकीचं आहे असं सांगणारा फॉर्म मला सबमिशनमध्ये नको असतो. त्यावर उपाय म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशनला यू फ्लॅग लावून युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या एकत्र यादीचा, अक्षरांचा गट घ्यायचा. पण नुसती अक्षरं घेतली तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त बाहेर राहतात कारण युनिकोडच्या हिशोबात त्या खुणा आहेत, अक्षरं नाहीत. म्हणून अक्षरं आणि खुणा दोन्ही गट घ्यायचे, शिवाय स्पेस.

लांबीचंही तसंच. "क्षितिजा" आपण तीन अक्षरं मोजतो, क्षि, ति, जा. जावास्क्रिप्ट लेंग्थ सांगते ८, कारण ती क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना असं सुटं मोजते. म्हणजे मॅक्सलेंग्थ २० ठेवलीत तर इंग्रजीत नाव बसेल आणि मराठीत आडनाव अर्ध्यात तुटेल. आणि कुणी मराठी कीबोर्डवरून "१२" असं टाकलं तर नंबर फंक्शन ते आकडा म्हणून ओळखतच नाही, एनएएन, म्हणजे "आकडा नाही" असं उत्तर, येतं. आधी देवनागरी अंक बदलून घ्या, दहाच अंक आहेत, छोटं फंक्शन होतं.

तारखेचा एक मोठा खड्डा आहे. जावास्क्रिप्टमध्ये महिना शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे देऊन तारीख बनवली आणि ती आयएसओ स्ट्रिंगमध्ये बदलली की आपल्याकडे ती एक दिवस मागे जाते, कारण बनते आपल्या मध्यरात्रीची आणि बदलते यूटीसी या जागतिक वेळेत, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. १५ तारखेचा खाडा १४ ला लागतो. असं झालेलं मी लॅबमध्ये कितीतरी वेळा बघितलंय आणि मुलं डेटाबेसवर संशय घेत बसतात. इनपुटमधून जी तारीख स्ट्रिंग म्हणून येते तीच जशीच्या तशी पुढे पाठवा, विषय संपला.

आता एक प्रयोग कराच. तपासणी लिहून झाली की एफ १२ मधून एलिमेंट्सवर जा, नावाच्या इनपुटवरचं रिक्वायर्ड काढून टाका, बटणाला लावलेलं ऑनक्लिक पुसा, आणि रिकामा फॉर्म पाठवा. जातो. म्हणजे ब्राउझरमधली तपासणी ही वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, खरी तपासणी सर्व्हरवर. ९ वाजायच्या नियमाचं तर विशेष, फोनचं घड्याळ कुणीही मागे करू शकतं, त्यामुळे वेळ सर्व्हरच्याच घड्याळाची धरायची. क्लायंट साइड आणि सर्व्हर साइड व्हॅलिडेशनमधला फरक लिहा असा प्रश्न आला की हा प्रयोगच लिहा.

सर्व्हर

सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावाचा कोड आणि टॉमकॅट म्हणजे तो चालवणारा सर्व्हर. सर्व्हलेटवाल्यांनी आधी एक बघायचं, टॉमकॅट कितवा आहे. टॉमकॅट ९ पर्यंत पॅकेजचं नाव जावाएक्स-डॉट-सर्व्हलेट, १० पासून जकार्ता-डॉट-सर्व्हलेट. पुस्तकातला आणि सीनियरच्या जर्नलमधला कोड जुना, तुम्ही डाउनलोड करता नवा टॉमकॅट, मग सगळं बरोबर लिहूनही सर्व्हलेट लोड होत नाही. एकतर ९ घ्या नाहीतर सगळीकडे इम्पोर्ट बदला, अर्धं-अर्धं करू नका.

पीएचपीवाल्यांनी फाइल झॅम्पच्या (अपाची सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवायची आणि लोकलहोस्टच्या, म्हणजे स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या, पत्त्यावरून उघडायची. डबल क्लिक करून उघडली तर पत्त्यात फाइल असं दिसतं आणि पीएचपी चालतच नाही, कारण मध्ये सर्व्हर नाहीये. अपाची सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा पोर्ट ८० दुसऱ्या कुणीतरी धरलेलं असतं, झॅम्पच्या पॅनेलमध्येच नेटस्टॅटचं बटण आहे तिथे कोण ते दिसतं. पोर्ट बदलून ८०८० करणार असाल तर त्यावर टॉमकॅट चालतो हे ध्यानात ठेवा. आणि जुन्या जर्नलमधली मायएसक्यूएल-अंडरस्कोर-क्वेरीवाली डेटाबेसची फंक्शन्स पीएचपी ७ पासून काढूनच टाकली आहेत, पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय वापरा.

सर्व्हलेटचं लाइफ सायकल, म्हणजे इनिट, सर्व्हिस, डिस्ट्रॉय, हे पाठ करू नका. तिन्हीत एकेक प्रिंटची ओळ टाका आणि कन्सोल बघत पान पाचदा रिफ्रेश करा. इनिट एकदाच छापलं जातं, सर्व्हिस पाचदा, आणि टॉमकॅट नीट बंद केला की डिस्ट्रॉय. याच्यातून दुसरी गोष्टही कळते, की सर्व्हलेटचं ऑब्जेक्ट एकच असतं आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट त्याच्यातूनच जातात. क्लासच्या वर फील्ड म्हणून नाव ठेवलंत तर एकाचा खाडा दुसऱ्याच्या नावावर लागू शकतो. ते नाव मेथडच्या आत ठेवा.

फॉर्मची मेथड पोस्ट आणि सर्व्हलेटमध्ये फक्त डू-गेट लिहिलेलं असेल तर ४०५ येतो. जेएसपी म्हणजे शेवटी सर्व्हलेटच, हे ऐकून पटत नसेल तर टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमध्ये आत आत जा, तुमच्या जेएसपीची तयार झालेली जावा फाइल तिथे पडलेली असते. उघडून वाचा. तुमची एचटीएमएलची एकेक ओळ तिथे आउट-डॉट-राइट मध्ये गुंडाळलेली दिसते. पहिल्यांदा जेएसपी उघडायला वेळ का लागतो, दुसऱ्यांदा का नाही, याचं उत्तर तिथेच आहे.

ज्यांच्या सिलॅबसमध्ये पीएचपी, सर्व्हलेट, नोड यातले दोन-तीन एकत्र आहेत त्यांनी एक छोटा काउंटर तिन्हीकडे लिहून बघावा. पीएचपीत साधं व्हेरिएबल घेऊन एकने वाढवलं तर प्रत्येक वेळी १ च दिसतं, कारण रिक्वेस्ट संपली की सगळं पुसलं जातं आणि पुढची कोऱ्या पाटीवर सुरू होते. सर्व्हलेटच्या फील्डमध्ये आकडा वाढत जातो. नोडमध्येही (म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) वाढत जातो कारण एकच प्रोसेस सतत चालू असते, आणि तिथे तुमचा जावास्क्रिप्टचा कोड एकाच थ्रेडवर इव्हेंट लूपनी चालतो, म्हणून एखादं जड गणित मध्येच लावलंत तर बाकी सगळे ताटकळतात.

आणि हे न विसरता करा. खाडा लावल्यावर "नोंद झाली" हे पान सरळ पोस्टच्या उत्तरातच दाखवलं तर वापरणाऱ्यानी रिफ्रेश केलं की फॉर्म पुन्हा जातो, खाडा दोनदा लागतो. ब्राउझर विचारतो खरं, पण वाचतंय कोण. म्हणून पोस्ट झाला की रीडायरेक्ट करायचं, ब्राउझर गेट करून यादीचं पान मागतो, मग कितीही रिफ्रेश करू दे. नेटवर्क टॅबमध्ये प्रिझर्व्ह लॉग चालू करून बघा, पोस्ट, ३०२, गेट, २०० असं ओळीनं दिसतं. हे बघताना मुलांचे चेहरे बदलतात, कारण पहिल्या आठवड्यात नुसता आकडा म्हणून लिहिलेला ३०२ इथे कामाला येतो.

डेटाबेस आणि प्रश्नचिन्हं

मी स्वतः विद्यार्थी असताना ओरलला सगळं चाललं होतं आणि शेवटी यादीचं पान उघडलं तर सगळ्या मराठी नावांच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. एक्स्टर्नलनी विचारलं हे काय, मला सांगता आलं नाही, आणि ते मला इतकं लागलं की तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी हे पहिल्यांदा शिकवते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, १५ बाइट. हे बाइट पान, रिक्वेस्ट, सर्व्हरचा कोड, डेटाबेसचं कनेक्शन, टेबल, आणि परत पान अशा सगळ्या थांब्यांवर यूटीएफ-८ म्हणूनच वाचले गेले पाहिजेत. एका ठिकाणी जरी लॅटिन-१ (जुनी, युरोपीय अक्षरांपुरती पद्धत) धरलं गेलं तर बिघडतं. बिघाडाचे दोन प्रकार ओळखायला शिका. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षर साठवायच्या आधीच हरवलंय, ते परत येत नाही, कनेक्शन किंवा टेबलचा कॅरेक्टर सेट तपासा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी ए पुन्हा पुन्हा आणि त्याच्यामागे विचित्र चिन्हं असं दिसलं तर बाइट बहुतेक शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकीचा आहे, पानाचा किंवा रिस्पॉन्सचा कॅरेक्टर सेट बघा. सर्व्हलेटमध्ये पॅरामीटर वाचायच्या आधी रिक्वेस्टचं एन्कोडिंग सेट करायचं, नंतर करून उपयोग नाही. मायएसक्यूएलमध्ये टेबल यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा, नुसतं यूटीएफ-८ म्हटलं तर जुन्या पद्धतीनं ३ बाइटपर्यंतच मावतं, मराठी बसते पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की इन्सर्ट पडतो.

क्वेरी लिहिताना स्ट्रिंग जोडून लिहू नका. लिहून काय होतं ते एकदा स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघा, लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या खोक्यात एक सिंगल कोट आणि पुढे नेहमी खरी असणारी अट टाकली की पासवर्ड माहीत नसताना आत जाता येतं. मग तेच प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरून करा, तेवढंच टाका, आत जाता येत नाही, कारण आता ते टाकलेलं सगळं फक्त एक व्हॅल्यू आहे, क्वेरीचा भाग नाही. दुसऱ्याच्या साइटवर हे करून बघायचं नाही, तो गुन्हा आहे. पासवर्ड साठवताना पीएचपीत पासवर्ड-हॅश फंक्शन आहे, जावात बीक्रिप्टची लायब्ररी घ्या, मूळ पासवर्ड टेबलमध्ये कधीच नको.

याच्या जोडीनं दुसरा हल्ला. नावाच्या खोक्यात स्क्रिप्ट टॅगमध्ये अलर्ट लिहून खाडा लावा. यादीचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो अलर्ट येतो, आणि अलर्टच्या जागी कुकी चोरणारा कोडही असू शकला असता. छापताना एस्केप करायचं, म्हणजे टॅगची चिन्हं साधा मजकूर म्हणून दिसतील असं बदलायचं, पीएचपीत एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स, जेएसपीत जेएसटीएलचा सी-आउट, जावास्क्रिप्टमध्ये इनर एचटीएमएलऐवजी टेक्स्ट कंटेंट.

सेशन

एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट आठवत नाही. मग लॉगिन कसं टिकतं? सर्व्हर एक लांबलचक आयडी बनवतो, कुकीत देतो, ब्राउझर दर वेळी ती कुकी परत पाठवतो आणि सर्व्हर त्या आयडीवरून आपल्याकडची माहिती काढतो. मेसच्या टोकनसारखं आहे, टोकनावर नंबर, हिशोब काकूंच्या वहीत. एफ १२ मधून अ‍ॅप्लिकेशनच्या टॅबवर जा, ती कुकी पुसा, रिफ्रेश करा, लॉगआउट झालेले असता. मग एक साधी खिडकी आणि एक इनकॉग्निटो उघडून दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करा. कुकी आणि सेशन यातला फरक सहा मार्कांना येतो, हे करून बघितलेलं असलं की दहा ओळी आपोआप सुचतात.

एक्सएमएल, वेब सर्व्हिसेस, हे भाग छोटे आहेत. तुमच्या खाड्यांची यादी एकदा एक्सएमएलमध्ये आणि एकदा जेसनमध्ये लिहा. टॅग नीट बंद झालेत ते वेल-फॉर्म्ड, डीटीडी किंवा स्कीमाच्या नियमात बसतं ते व्हॅलिड, एवढं पुरतं. रिअ‍ॅक्ट असेल तर तीच यादी कम्पोनंटमध्ये घ्या, खाडा वाढला की स्टेट बदलते आणि पानाचा तेवढाच भाग बदलतो, एलिमेंट्सच्या टॅबमध्ये नेमकं तेवढंच चमकून जाताना दिसतं.

पेपर, जर्नल, सबमिशन

पेपरला कुठलाही सर्व्हर साइडचा प्रश्न आला की आधी चित्र काढा, ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस, मध्ये बाण, बाणांवर मेथड आणि आकडे. मग कोड. कोडात एखादा सेमीकोलन गेला तर कुणी मार्क कापत नाही, पण नेम कुठला आणि सर्व्हलेटच्या गेट-पॅरामीटर फंक्शनमध्ये तेच नाव आहे का हे मी तरी बघतेच. कोड कॉपी करून, किंवा आता चॅटबॉटकडून घेऊन, चालवायला माझी हरकत नाही, पण एक अट पाळा, त्यात एक नियम स्वतः बदला, ३ दिवसांचा २ करा, रविवारचं फीस्ट वगळा. बदलता आलं नाही तर तो कोड अजून तुम्हाला कळलेला नाही आणि ओरलला पहिला प्रश्न तिथेच येतो.

दर आठवड्याला गिटमध्ये (कोडाच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा. फुकट होस्टिंगवर टाकायचं असेल तर गिटहब पेजेसवर फक्त स्टॅटिक पानं चालतात, तिथे पीएचपी किंवा सर्व्हलेट टाकून चालत नाही म्हणून रात्रभर बसू नका. आणि फाइलच्या नावांचं बघा, विंडोजवर स्टाइल-डॉट-सीएसएस मधला एस मोठा की छोटा यानं फरक पडत नाही, सर्व्हर बहुतेक लिनक्स असतो, तिथे पडतो, आणि पान अचानक उघडंबोडकं दिसतं. सगळी नावं छोट्या लिपीत ठेवा.

सबमिशनच्या दोन दिवस आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्या, सोबत डेटाबेसची एक्स्पोर्ट केलेली फाइल घ्या, ती सगळ्यात जास्त जण विसरतात, आणि लॅबमधल्या अशा पीसीवर चालवा जिथे तुम्ही कधी बसलेला नाही. तिथे मराठी नाव टाकून एक खाडा लावा, रिफ्रेश करा, यादीत तो एकदाच आणि नीट वाचता येईल असा दिसतोय का बघा. मग फोन मेसच्या काकूंच्या हातात द्या आणि काही न सांगता त्यांना एक खाडा लावू द्या. त्या जिथे थांबतील ते लेबल त्याच रात्री बदला.